ग्लेनफार्क्लास २५: सात महिन्यांत एक बाटली

मार्चमध्ये उघडलेली ही २५ वर्षं मुरलेल्या स्कॉच व्हिस्कीची बाटली आता तळाला आलीय, आणि बरं झालं तेव्हाच लिहायला बसलो नाही, कारण पहिल्या रात्री मी चक्क नाराज होतो. मी अ‍ॅबरडीनला राहतो, डिस्टिलरी बॅलिंडॅलॉकला, बेन रिनेस डोंगराच्या पायथ्याशी, गाडीने दीडेक तास. मागच्या वर्षी टूर केली होती. मातीच्या जमिनीची बुटकी दगडी गोदामं, आत शिरलं की ओलं लाकूड आणि मनुकांचा वास अंगावरच येतो. हवेत जो वास असतो तो पिंपातून उडून चाललेल्या व्हिस्कीचाच, वर्षाला साधारण दोन टक्के जाते, २५ वर्षांत किती जात असेल विचार करा, म्हणून किमतीबद्दल मी कुरकुर करत नाही. १८६५ पासून ग्रँट घराण्याकडे आहे आणि तांब्याच्या स्टिल्सना, म्हणजे दारू गाळायच्या भांड्यांना, खालून अजूनही थेट आच देतात.

तर पहिला पेग. वास सुंदर, पण तोंडात अक्रोडाच्या सालीसारखं तुरट, जीभ आखडल्यासारखी. वाटलं लाकूड जास्त झालं. दोन आठवड्यांनी परत घेतली, या वेळी ग्लासात ओतून जेवण उरकेपर्यंत, म्हणजे पाऊण तास, तशीच ठेवली, आणि अहो काय फरक! आधी काळे मनुके, खजूर, मग काकवी, मग संत्र्याची सुकलेली साल, आणि सगळ्यात मागे आजीच्या सागवानी पेटीचं झाकण उघडल्यावर यायचा तो वास, थोडं मेण, थोडं जायफळ. तुरटपणा गेला नाही, पण आता तो गोडाला धरून राहतो, कडक कोऱ्या चहात असतो ना तसा. गिळल्यावर दहा मिनिटं तरी तोंडात कडू चॉकलेट रेंगाळत असतं.

रंग वरून घातलेला नाही, जो आहे तो ओलोरोसो शेरी या स्पॅनिश वाईनच्या पिंपांचा, त्यामुळे अगदी काळीभोर असेल या अपेक्षेने घेऊ नका. पाणी मी घालून बघितलं, नको. त्यांचीच १०५ नावाची व्हिस्की आहे ६० टक्के अल्कोहोलची, तिला पाणी लागतंच, पण ही ४३ टक्के, चमचाभर घातलं तरी मधला भाग पातळ होतो. बर्फाचा तर प्रश्नच नाही. बाटली उभीच ठेवा, वाईनसारखी आडवी केली तर अल्कोहोलने बूच खराब होतं.

मला सगळ्यात आवडली ती मे ते ऑगस्ट, बाटली अर्ध्यावर असताना. सप्टेंबरपासून फळांचा वास थोडा बसलाय, लाकूड परत वर येतंय. म्हणून उरलेली शंभरेक मिली, हवा लागू नये यासाठी, छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवलीय, डिसेंबरात बाबा येतायत, त्यांच्यासोबत संपवीन.