टॉम क्रीनच्या पदकाची फ्रेम : देवळाली कॅम्पमधील एका दुकानाचा अनुभव

ब्रिटिश नौदलातील आयरिश खलाशी आणि अंटार्क्टिकाच्या तीन मोहिमांत गेलेला दर्यावर्दी टॉम क्रीन याच्या पोलर मेडलची, म्हणजे ध्रुवीय मोहिमांसाठीच्या ब्रिटिश पदकाची, प्रतिकृती माझ्याकडे दोन वर्षे डबीतच पडून होती. नाशिकमध्ये जिथे जिथे चौकशी केली, तिथे पदक मखमलीवर चिकटवून द्यायची तयारी होती, आणि चिकटवलेले पदक निम्मे हरवते. या अष्टकोनी पदकाच्या दर्शनी बाजूस सातव्या एडवर्डची मुद्रा आहे. बर्फावरची स्लेज, तिच्यासोबतची माणसे आणि दूर उभे असलेले 'डिस्कव्हरी' जहाज हे सारे मागील बाजूस आहे. मूळ पदकांवर मानकऱ्याचे नाव तर कडेवर असते. अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेत एकदा जरी जाऊन आलो, तरी नाणे उलटून पाहण्याची सवय लागते. पदकालाही तोच न्याय हवा.

देवळाली कॅम्पमध्ये लष्करी पदके बसवून देणाऱ्या एका लहानशा दुकानात तो न्याय मिळाला. दुकानदारकाकांनी दोन काचांची फ्रेम सुचवली आणि पदक फितीच्या दांडीवरच टांगले, त्यामुळे मागची बाजू आणि कड दोन्ही मोकळ्या राहिल्या. हे पदक एकदाच मिळते व पुढील मोहिमांसाठी फितीवर धातूच्या पट्ट्या वाढतात. क्रीनच्या १९०२–०४, १९१०–१३ आणि १९१४–१६ या तीन पट्ट्यांपैकी सर्वांत जुनी पदकाजवळ हवी, हे काकांनी मी सांगण्याआधीच ओळखले. मधली पट्टी लावताना मी त्यांना फेब्रुवारी १९१२ ची हकिगत सांगितली. स्कर्व्हीने कोसळलेल्या लेफ्टनंट एडवर्ड इव्हान्सजवळ मोहिमेतला सोबती विल्यम लॅशली थांबला आणि क्रीन मदत आणायला तीन बिस्किटे व थोडे चॉकलेट एवढ्यावर सुमारे ५६ किलोमीटर एकटा, अठरा तास चालत गेला. त्याबद्दल त्याला आणि लॅशलीला अल्बर्ट मेडल मिळाले. काकांनी हातातले काम थांबवून ते सगळे ऐकून घेतले.

एक उणीव मात्र नोंदवली पाहिजे. पोलर मेडलची फीत शुभ्र पांढरी असते. प्रथम लावलेली फीत पिवळसर होती आणि काचेमागे तो फरक फारच जाणवत होता. ती विनामूल्य बदलून मिळाली, परंतु त्यात आठ दिवस गेले. १,८५० रुपये ही रक्कम साध्या फ्रेमच्या मानाने जास्त असली, तरी कामाची सफाई पाहता मला ती योग्य वाटली. माझ्या प्रतिकृतीची कड कोरी होती म्हणून तिच्यावर क्रीनचे नाव कोरून घ्यावे, असे मनात आले होते. "उद्या कोणी खरे समजेल," एवढेच म्हणून काकांनी नकार दिला, आणि त्यांचे म्हणणे मला पटले. तिथे जाणाऱ्यांनी पदकाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र आणि फितीचा नमुना सोबत न्यावा.