तीन भावंडांची घरशाळा: बालभारती, एनसीईआरटी आणि स्टोरीवीव्हर कितपत पुरतात?

चार, सहा आणि आठ वर्षांची मुलं घरी शिकणार असतील, तर तयार होमस्कूल बॉक्सच्या (वर्कशीट आणि साहित्याच्या विकतच्या संचाच्या) फंदात पडू नये. बॉक्स असतो एका मुलाचा. पहिल्यानं वर्कशीट भरून टाकल्या की धाकट्याच्या वाट्याला खोकं उरतं, म्हणजे दरवर्षी नवा खर्च. त्यापेक्षा भाषा आणि गणित बालभारतीचं, गणिताच्या जादा सरावाला केंद्राच्या एनसीईआरटीची पुस्तकं आणि अवांतर वाचनाला प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ ही जोडणी कितीतरी स्वस्त पडते. तिन्हींच्या पीडीएफ फुकट मिळतात. मात्र काय छापायचं आणि काय विकत आणायचं, यातच पैसे वाचतात किंवा जातात.

आधी बालभारती. पाठ्यपुस्तक विकतच घ्यावं. शंभरेक पानांची रंगीत पीडीएफ झेरॉक्सवाल्याकडे छापून घेतली, तर छापील पुस्तकापेक्षा महाग पडते. काळी-पांढरी काढली, तर चित्र पाहून सोडवायच्या प्रश्नांतली अर्धी चित्रं ओळखू येत नाहीत. पीडीएफचा खरा उपयोग एखादं सरावाचं पान पुन्हापुन्हा काढण्यापुरता.

जुनी पुस्तकं घेताना दोन गोष्टी बघाव्यात. २०२३-२४ पासून वहीची पानं घातलेले, चार भागांत विभागलेले संच आले होते. पानं घालण्याचा निर्णय जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला गेला, पण ते संच जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांत अजून सापडतात. एखादा भाग हमखास गायब असतो, आणि असला तरी घरशाळेला ही रचना सोयीची नाही. घरी शिकणाऱ्या मुलाचं मराठी तिसरीचं आणि गणित दुसरीचं असणं अगदी नेहमीचं आहे. एकाच भागात सगळे विषय बांधलेले असले की दोन्ही इयत्तांचे अख्खे संच घ्यावे लागतात. तेव्हा विषयवार सुटी पुस्तकं शोधावीत. दुसरी गोष्ट, पहिलीचा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून बदलला आहे आणि पुढच्या इयत्तांचाही टप्प्याटप्प्यानं बदलतो आहे. थोरल्याचं पुस्तक धाकट्याला चालतं, शिकण्यात काही बिघडत नाही. फक्त पुढेमागे शाळेत घालायचा विचार असेल, तर चालू आवृत्ती जवळ असू द्यावी.

गणितात मराठी मुलांची गाडी कुठे अडते, हे ठाऊक असलेलं बरं. 'एकोणचाळीस' ऐकलं की मूल ४९ लिहितं, कारण कानाला 'चाळीस' लागतं. 'एकोणसाठ'चे ६९ होतात. (नव्याण्णव या रांगेत बसतच नाही, तो वेगळाच त्रास.) दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी जोड वाचनपद्धत आली आणि २०१९ मध्ये त्यावरून केवढा गदारोळ झाला. घरात ती सरळ वापरावी: आधी 'तीस नऊ', मग 'एकोणचाळीस'. सोबत आइस्क्रीमच्या काड्यांचे रबर लावलेले दहा-दहाचे गठ्ठे हवेत. चाळीस म्हणून चार गठ्ठे मांडायचे, एकाचं रबर काढायचं, एक काडी उचलायची. तीन दशक आणि नऊ सुटे समोर दिसतात. शंभर काड्यांचं एक पाकीट तिघांना वर्षानुवर्षं पुरतं.

एनसीईआरटीची पहिली ते आठवीची पुस्तकं प्रत्येकी ६५ रुपयांना आहेत. पहिली-दुसरीचं 'आनंदमय गणित' आणि तिसरीचं 'गणित मेला' दोन्ही उत्तम. आकार, मोजमाप आणि आकृतिबंध यांत बालभारतीपेक्षा जास्त खेळवतात. अडचण भाषेची. मराठी घरात हिंदी प्रत आणली, तर 'उनतीस' आणि 'एकोणतीस' एकदमच कानावर पडतात आणि आधीचा गोंधळ दुप्पट होतो. इंग्रजी प्रत घ्यावी आणि सूचना मोठ्यांनी मराठीत सांगाव्यात. एनसीईआरटीची भाषेची पुस्तकं या वयात घ्यायची गरज नाही.

पुस्तकात थेट लिहायची पानं दोन्हीकडे आहेत. त्यांवर पेन्सिल टेकवू देऊ नये. पान पारदर्शक प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सरकवून व्हाइटबोर्ड मार्करनं लिहून घ्यावं आणि त्याच दिवशी पुसावं. चार दिवस राहिलेली शाई सुक्या फडक्यानं निघत नाही. अक्षरं गिरवायला मात्र हे चालत नाही. गुळगुळीत प्लास्टिकवर मार्कर घसरतो, बोटांना वळण लागत नाही. त्याला दुरेघी वही आणि पेन्सिलच हवी.

परिसर अभ्यास प्रत्येकाचा वेगळा घ्यायचं कारण नाही. तिसरीचं पुस्तक जिल्हावार असतं, तेव्हा दुकानात आपल्या जिल्ह्याचं नाव वाचूनच घ्यावं. नाशिककराच्या हाती साताऱ्याचं आलं, तर नकाशाचा सगळा भाग वाया. तेच एक पुस्तक तिघांना एकत्र वाचून दाखवावं. आठ वर्षांच्यानं नकाशा काढावा, सहाच्यानं नावं लिहावीत, चारच्यानं रंगवावं. चार वर्षांच्याला स्वतःचं पुस्तक नकोच. चिंचोके, माती आणि गोष्टी पुरेत.

स्टोरीवीव्हर २०१५ पासून सुरू आहे. पुस्तकं चार स्तरांत लावलेली आहेत, उतरवून छापायलाही मुभा आहे. स्तरावर डोळे झाकून विसंबू नये. बरीचशी पुस्तकं अनुवादित असल्यामुळे पहिल्या स्तरातही जोडाक्षरं डोकावतात. मुलाला देण्याआधी दोन पानं चाळावीत. चित्रं काळ्या छपाईत मरतात, म्हणून ती पडद्यावरच दाखवलेली बरी.

टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायला शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या कृतीही फुकट मिळतात. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे सेंटीमीटरभराचे तुकडे घ्यायचे आणि गूल खरवडून काढलेल्या आगकाड्या त्यांत दोन्हीकडून खोचून चौकोन आणि त्रिकोण करायचे. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण हलत नाही. दहा-वीस रुपयांत भूमितीचा आठवडा निघतो.

प्रमाणपत्राचं काय? शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ४ नुसार सहा वर्षांवरच्या, शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. शाळेबाहेर राहूनच परीक्षा द्यायची, तर एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या) मुक्त मूलभूत शिक्षणात अ, ब, क हे स्तर तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीचे आहेत, आणि तिथल्या दहावीला किमान वय १४ लागतं. मुलांच्या वह्यांवर तारखा घालून वर्षवार गठ्ठे ठेवावेत. प्रवेशाच्या वेळी कुठल्या वर्गात बसवायचं हे ठरवायला शिक्षक तेच चाळतात.