ड्रेनेज लाइनचे जेटिंग आणि कॅमेरा तपासणी: एका सेवेचे परीक्षण

तुंबलेली ड्रेनेज लाइन मोकळी करून देणारे पुष्कळ असतात. ती का तुंबली हे दाखवून देणारे थोडे. आमच्या संकुलाची सांडपाण्याची मुख्य वाहिनी पुन्हा पुन्हा तुंबू लागल्यामुळे समितीने या वेळी केवळ चोकअप काढून घेण्याऐवजी उच्च दाबाचे जेटिंग (जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने वाहिनी धुणे) आणि त्यानंतर कॅमेरा तपासणी अशी एकत्रित सेवा घेतली. काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभे राहून पाहिल्यावर माझे मत असे झाले की, जेटिंग उत्तम असले तरी खर्च सार्थकी लागतो तो कॅमेऱ्यामुळे.

जेटिंगची नळी तुंबलेल्या भागाच्या खालच्या चेंबरमधून प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने सोडली जाते. तिच्या टोकावरील नोझलची छिद्रे मागे वळलेली असल्यामुळे सुटणाऱ्या पाण्याच्या धक्क्याने नळी आपोआप पुढे सरकते आणि परत ओढताना सुटा झालेला गाळ चेंबरकडे लोटला जातो. कामगारांनी आधी पुढेही फवारा मारणारे नोझल वापरून वाट पाडली, मग तळाचा गाळ खरवडणारे जड नोझल लावले. बांबू किंवा सळई घालून चोकअपला केवळ भोक पडते, पाणी उतरते आणि सर्वांचे समाधान होते. मात्र भोकाभोवतीची चरबी, कापड आणि वाळू जागच्या जागी राहते. येथे तसे झाले नाही. कोणालाही चेंबरमध्ये उतरवले नाही, हेही मुद्दाम नोंदवतो. सांडपाण्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचे प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वासच येईनासा होतो, त्यामुळे 'वास नाही, म्हणजे धोका नाही' हा हिशेब जीवघेणा ठरतो.

कॅमेरा आत गेल्यावर खरे चित्र दिसले. दोन चेंबरांच्या साधारण मध्यावर एका जोडाशी पुढच्या पाइपची कड वर आलेली होती आणि जेटिंगनंतरही तिच्यावर ओल्या पुसण्यांचे (वेट वाइप्सचे) धागे अडकून प्रवाहात लोंबत होते. थोडे पुढे भिंगच पाण्याखाली गेले. वाहिनी स्वच्छ, वरून पाणी बंद, तरीही तेथे पाणी साचलेले. म्हणजे तेवढ्या भागात पाइप खचला असून उतार नाहीसा झाला आहे, हे वेगळे सांगावे लागले नाही. आणखी एका जोडातून झाडाची केसांसारखी बारीक मुळे आत आली होती. ती साखळीच्या कटरने कापली, पण जोड उघडा असेपर्यंत ती पुन्हा येणारच.

या तिन्ही गोष्टींचे महत्त्व कचरा वाहून कसा जातो हे पाहिल्यावर कळते. इमारतीजवळच्या लहान वाहिनीत प्रवाह सलग नसतो. कोणी फ्लश केले की लाट येते, घन पदार्थ काही अंतर पुढे नेते आणि ओसरताना त्यांना तेथेच टाकते. मागे थोडे पाणी साचले किंवा पुढची लाट आली की तो गोळा पुन्हा सरकतो. अशा टप्प्याटप्प्याच्या प्रवासात वर आलेली एखादी कड पुरते: प्रथम धागे अडकतात, त्यांत कागद गुंततो, त्यावर चरबी बसते, आणि पाण्यातील कॅल्शियमशी तिचा संयोग होऊन साबणासारखा कडक थर तयार होतो. खचलेल्या भागात वेग मंदावल्यामुळे वाळू तळाशी बसते ती निराळीच.

समितीत मोठ्या व्यासाचा पाइप टाकण्याची सूचना नेहमी येते. गाळ बसू नये म्हणून साधारणपणे सेकंदाला ०.६ मीटर वेग धरला जातो. गोल पाइप अर्धा भरलेला असो वा पूर्ण, सरासरी वेग जवळजवळ सारखाच असतो. मात्र पाण्याची खोली व्यासाच्या दशांशावर आली की तो पूर्ण भरलेल्या पाइपातील वेगाच्या सुमारे ४० टक्क्यांवर येतो. तेवढेच पाणी अधिक रुंद पाइपात सोडले तर ते पसरून आणखी उथळ होते, घन पदार्थ तरंगण्याऐवजी टेकतात आणि तुंबणे वाढते. चित्रफीत पाहिल्यानंतर हा वाद मिटला आणि खचलेला तुकडा तेवढा उतार साधून बदलण्याचे ठरले.

आता उणिवा. सर्वांत गंभीर म्हणजे खालच्या चेंबरच्या निर्गमाशी, म्हणजे पाणी बाहेर पडते त्या तोंडाशी, कचरा अडवणारी जाळी बसवली नव्हती. सक्शनने बराचसा गाळ उपसला गेला, पण चरबीचे काही तुकडे पुढच्या टप्प्यात निघून गेले आणि तेथील पाणी मंदावल्यावर तो भागही आम्हाला आग्रहाने धुऊन घ्यावा लागला. वरचा चोकअप खाली सरकवणे याला सफाई म्हणता येत नाही. दुसरे, लेखी अहवाल फार कच्चा होता. चित्रफितीत मीटरमधले अंतर दिसत होते, परंतु ते कोणत्या चेंबरपासून मोजले, हे अहवालात कोठेच नव्हते. खोदकाम करणाऱ्याला नेमकी हीच माहिती लागते. खचलेल्या भागाची लांबी दिली होती, पण चेंबरांच्या तळाची पातळी मोजलेली नव्हती, त्यामुळे एकूण उतार किती मिळू शकतो हे आम्हाला दुसऱ्याकडून काढून घ्यावे लागले.

एवढे असूनही वारंवार तुंबणाऱ्या वाहिनीसाठी ही सेवा मी सुचवेन. एखाद्या वेळी कपडा अडकून तुंबलेल्या लाइनसाठी मात्र कॅमेऱ्याचा खर्च करू नये, जेटिंग पुरे. करारात निर्गमाशी जाळी, चेंबर क्रमांकांसह अंतर आणि तळाच्या पातळ्या या तीन बाबी आधीच लिहून घ्याव्यात, आणि मूळ चित्रफीत हाती आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.