जेझुइट युनिव्हर्सिटीतला लीडरशिप प्रोग्रॅम: दोन वर्षं करून आलेय, खरं खरं सांगते

गेल्या महिन्यात साताऱ्यात राजवाड्यापाशी शेजारच्या काकू भेटल्या, त्यांच्या मुलीला अमेरिकेत एका जेझुइट युनिव्हर्सिटीत एमएसला ॲडमिशन मिळालीय आणि तिथल्या स्टुडंट लीडरशिप प्रोग्रॅमचा फॉर्म भरायचा का नको यावरनं घरात खल चाललाय. काकूंनी उभ्या उभ्याच विचारलं, "अगं, पाद्री लोकांचं कॉलेज ना ते, धर्म तर बदलायला लावत नाहीत ना? आणि नोकरीला उपयोग होतो का त्याचा?" मी अशाच एका युनिव्हर्सिटीत हा प्रोग्रॅम दोन वर्षं केलाय म्हणून सविस्तर लिहितेय. नाव घेत नाही कारण तक्रारी पण आहेत.

धर्माचं आधी सांगते. जेझुइट म्हणजे इग्नेशियस लोयोलांनी काढलेला कॅथलिक धर्मगुरूंचा संघ, १५४० साली पोपनी मान्यता दिली, आणि पुढं शाळा-कॉलेजं हे त्यांचं मोठं काम झालं. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज (१८६९) त्यांचंच, जमशेदपूरची एक्सएलआरआय ही मॅनेजमेंटची संस्था (१९४९) पण त्यांचीच. आमच्या ग्रुपमध्ये मुसलमान होते, काहीच न मानणारे होते, मी होते. चॅपलमध्ये जायचं तर जा, नाही तर नको. दोन वर्षांत मला एकदाही कुणी त्यावरनं टोकलं नाही.

आता मूळ मुद्दा. दर आठवड्याला एक सेशन, शनिवारी सेवेचं काम आणि वर्षातनं एकदा दोन दिवसांचं रिट्रीट, म्हणजे शिबिर. सेशनमध्ये 'सोशल चेंज मॉडेल' शिकवतात, ते १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात तयार झालं, त्याचा गाभा एवढाच की लीडरशिप म्हणजे पद नाही, चार माणसांनी मिळून बदल घडवायची प्रक्रिया. त्यात सात गोष्टी आहेत, त्यातली एक माझ्या फार कामाला आली, मतभेद असला तरी समोरच्याचा मान राखून बोलायचं. आपल्याकडं ग्रुप प्रोजेक्टमध्ये एक तर आपण गप्प बसतो नाही तर भांडतो, मधलं काही येतच नाही.

पण हे सगळं स्लाईडवरचं झालं. मला खरं शिकवलं ते एका शनिवारानं. आम्ही गरजू लोकांना किराणा वाटणाऱ्या एका केंद्रात होतो, डाळी, डबाबंद भाज्या, पाव. बाहेर मोठी रांग. मी पटापट कामं वाटून दिली, तू पिशव्या धर, तू डबे लाव, आणि तासाभरात रांग संपवली. मनात म्हणलं, झकास झालं. संध्याकाळी सगळे गोल करून बसलो आणि आमच्या मेंटरनी मला शांतपणे एकच विचारलं, "आज आलेल्यांपैकी कुणाचं नाव सांगशील?" मला एकही नाव येत नव्हतं. एका आजींच्या हातात मी डबे कोंबलेले, त्या काहीतरी सांगत होत्या आणि मी 'नेक्स्ट' म्हणलेलं, ते तेव्हा आठवलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

हे जे गोल करून बसणं आहे ना, तोच या प्रोग्रॅमचा जीव आहे. त्याला ते एक्झामेन म्हणतात, लोयोलांच्या वेळेपासून चालत आलेली पद्धत. दिवस संपताना पाच-दहा मिनिटं मागं वळून बघायचं, आज कुठं जीवात जीव आला, कुठं जीव गुदमरला, कुणाशी तुटक वागलो, उद्या काय करणार. सेवा तर एनएसएसमध्ये आपण पण करतो, खड्डे खणतो, झाडं लावतो, फोटो काढतो आणि घरी येतो. नंतर बसून बोलत नाही. माझ्या मते सगळा फरक तिथंच पडतो.

आजोबांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणले, आमच्या बोर्डिंगात पण रात्री असंच बसायचो. ते रयत शिक्षण संस्थेचे विद्यार्थी. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९१९ ला कराडजवळच्या काले गावात ही संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली, स्वयंपाकाच्या पाळ्या पोरांच्याच. आजोबा म्हणायचे, भाकरी कमी पडली तर वाढणाऱ्यानं शेवटी खायचं असा नेम होता. जेझुइटांचे तेव्हाचे प्रमुख फादर आरुपे १९७३ मध्ये म्हणाले होते की आमच्या शिक्षणातनं दुसऱ्यांसाठी जगणारी माणसं तयार झाली पाहिजेत. मला दोन्ही एकच वाटतं, म्हणून साताऱ्याच्या पोरांना हा प्रोग्रॅम परका वाटणार नाही.

तक्रारी. परदेशी विद्यार्थ्यांचा विचार कमी. अर्ध्या चर्चा तिथल्या राजकारणावर, पहिले तीन महिने मला संदर्भच लागत नव्हते आणि कुणी थांबून समजावलं नाही, माणसाकडं नीट लक्ष द्यायचं असं रोज सांगणाऱ्या ठिकाणी हे जास्त लागतं. सेवेच्या जागी जायला बस नव्हती, गाडी नसलेल्यांनी कुणाच्या तरी मागं लागायचं. रिट्रीटला शाकाहारी म्हणजे चीज आणि पाव, दोन्ही दिवस. आणि मिडटर्मच्या आठवड्यात पण हजेरी सक्तीची, एमएसवाल्यांना ते झेपत नाही.

नोकरीचं म्हणाल तर सर्टिफिकेट कुणी बघितलं नाही. पण इंटरव्ह्यूत 'टीममध्ये तुमची चूक झाली असा प्रसंग सांगा' म्हणले तेव्हा मी त्या आजींचं सांगितलं, आणि पुढची वीस मिनिटं त्यावरच बोलणं झालं.

पाचात चार देईन. काकूंच्या मुलीला सांगितलंय फॉर्म भर, पण पहिल्या सेमिस्टरला नको, आधी अभ्यासाची घडी बसू दे, दुसऱ्याला भर. निबंधात वक्तृत्वाची बक्षिसं लिहीत बसू नकोस, घरात-गल्लीत कुणासाठी काय केलंस आणि कुठं चुकलीस ते लिही. आणि रिट्रीटला जाताना जाड स्वेटर आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर ने.