झ्विफ्टवरच्या शर्यती आणि बारा हजार ज्यूल

मागचं चाक काढून सायकल स्मार्ट ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पेडल मारायच्या आणि ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवायची, समोर लॅपटॉप ठेवायचा आणि घरबसल्या जगभरच्या लोकांबरोबर शर्यत लावायची, एवढी झ्विफ्ट या अ‍ॅपची ओळख पुण्यातल्या बहुतेक सायकलस्वारांना आता आहे. मी फक्त त्यातल्या शर्यतींबद्दल लिहिते आहे, कारण महिन्याचे 19.99 डॉलर, म्हणजे सतराशे-अठराशे रुपये, मी त्यांच्यासाठीच मोजते.

मी सहकारनगरला राहते आणि दहावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवते. पहिली बॅच सकाळी सातला असते. पावसाळ्यात सिंहगडाचा घाट निसरडा होतो, कात्रजच्या जुन्या घाटात धुक्यामुळे मागून येणाऱ्या गाडीला आपण दिसत नाही. त्या महिन्यांत पहाटे साडेपाचची शर्यत मला अगदी सोयीची पडते. आपल्याकडे साडेपाच वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला रात्रीचे आठ वाजलेले असतात. तिकडची मंडळी कामं आटोपून ट्रेनरवर बसलेली असतात, त्यामुळे घोळका भरगच्च मिळतो. युरोपातल्या संध्याकाळच्या शर्यती आपल्याकडे रात्री साडेदहाच्या पुढे जातात. पहाटे उठणाऱ्याने त्यांचा नाद करू नये.

आता मुख्य गोष्ट. झ्विफ्टची शर्यत रस्त्यावरच्या शर्यतीसारखी सुरू होत नाही. रस्त्यावर पहिले काही किलोमीटर सगळे एकमेकांना जोखत जातात. इथे उलटी गिनती शून्यावर आली की सगळे एकदम तुटून पडतात आणि दोन-तीन मिनिटांतच कोण कुठल्या गटात हे ठरून जातं. गट सुटला तर उरलेली शर्यत एकटीने वारा कापत काढावी लागते, कारण गटात राहिल्याने वाचणारी ताकद इथेही खरीखुरी मोजली जाते. सपाटीवर पाव हिस्सा तरी सहज वाचतो. म्हणून सुरुवातीला जोर लावावाच लागतो. प्रश्न आहे तो किती लावायचा.

माझं वजन 58 किलो आणि एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल अशी ताकद, 165 वॅट. किलोमागे 2.84 वॅट, म्हणजे किलोमागच्या वॅटवरून ठरणाऱ्या वर्गवारीत सी गट. एफटीपीच्या वर जे काही करायचं त्यासाठी शरीरात एक मर्यादित साठा असतो. शास्त्रात त्याला डब्ल्यू प्राइम म्हणतात आणि तो ज्यूलमध्ये मोजतात (एक वॅट सेकंदभर लावला की एक ज्यूल). माझा मी बारा हजार ज्यूल धरते. हा साठा खडकवासल्यासारखा आहे: दरवाजे उघडले की भराभर रिकामा होतो, भरताना मात्र वेळ घेतो.

गणित सोपं आहे. सुरुवातीची 90 सेकंदं मी 250 वॅटने मारली तर एफटीपीच्या वर 85 वॅट, म्हणजे 7,650 ज्यूल गेले. साठ्यातला निम्म्याहून जास्त भाग शर्यत रंगात येण्याआधीच संपला. तीच 90 सेकंदं सरासरी 215 वर ठेवली तर 4,500 जातात. हा फरक पुढच्या चढावर कळतो. 215 मध्ये गट टिकवायची युक्ती एवढीच, की गिनती संपायच्या दहा-एक सेकंद आधीपासून ट्रेनर वेगात फिरता ठेवायचा. थांबलेलं जड चाक शून्यानंतर फिरवायला घेतलं तर तेवढ्यात पुढचे निघून जातात आणि त्यांना गाठायला 300 वॅट लागतात.

हे सगळं शिकायला माझा सगळ्यात आवडता रस्ता रिचमंडचा. अमेरिकेतल्या रिचमंड शहरात 2015 ची सायकलिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली होती, तोच मार्ग झ्विफ्टवर आहे. फेरी 16.2 किलोमीटरची. आधी बरंच सपाट, आणि शेवटाकडे तीन छोटे चढ लागोपाठ: लिबी हिल, ट्वेंटी थर्ड स्ट्रीट, गव्हर्नर स्ट्रीट. स्लोव्हाकियाच्या पीटर सागानने त्या वर्षी ट्वेंटी थर्ड स्ट्रीटच्या दगडी चढावर हल्ला केला आणि जिंकला. मुंबई-पुणे शर्यतीत घाटाचा राजा एका मोठ्या घाटात ठरतो. इथे मात्र तीनदा जोर काढावा लागतो. प्रत्येक चढ मिनिटभराचा धरा आणि 240 वॅटने चढा: 75 गुणिले 60, म्हणजे एका चढाला 4,500 ज्यूल आणि तिघांचे मिळून 13,500. माझ्याकडे आहेत 12,000. मधल्या सपाटीवर घोळक्यात दडून 130-140 वॅटवर थोडा साठा भरून घेतला तरच हा हिशेब जुळतो, आणि तोही लिबी हिलच्या पायथ्याशी मी जवळपास पूर्ण साठ्यानिशी पोचले असेन तर.

हलक्या वजनाच्या बायकांना इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. मिश्र शर्यतीत माझ्याच वर्गवारीतला 80 किलोचा गडी किलोमागे तितकेच वॅट काढतो तेव्हा त्याचे एकूण 227 होतात. सपाटीवर सामना हवेशी असतो, तिथे एकूण वॅट चालतात, म्हणून त्याच्या आरामाच्या वेगाला माझा घाम निघतो. अशा वेळी पुढे जाऊन वारा झेलायचा मोह निक्षून टाळावा. मधल्या किंवा मागच्या तिसऱ्या हिश्श्यात राहावं, पण अगदी शेपटाला नको, तिथे फट पडली की भरून काढता येत नाही. चढावर पारडं फिरतं. माझ्या 240 ची बरोबरी करायला त्याला 330 वॅट लागतात. त्याला तिथे दमू द्यावं. आणि माथा आला म्हणून पाय सैल सोडू नयेत! गट माथ्यावरूनच वेग घेतो. माथ्यापुढची दहा-पंधरा सेकंदं दाबून काढली की उतारावर हवा तेवढा आराम मिळतो.

सेटिंगमध्ये ट्रेनर डिफिकल्टी नावाचा पर्याय मुळात 50 टक्क्यांवर असतो. त्याने चढ पायाला निम्मा जाणवतो, पण वर जायला लागणारी ताकद तेवढीच राहते. मी तो तसाच ठेवते, म्हणजे गिअर कमी बदलावे लागतात आणि लय मोडत नाही. वॅटचा आकडा 3 सेकंदांच्या सरासरीवर ठेवावा. क्षणाक्षणाला नाचणाऱ्या आकड्यामागे धावलं की ताकद वाया जाते. उरलेल्या साठ्याचा काटा मात्र शर्यतीच्या पडद्यावर नाही. तो यायला हवा, असं मला अगदी मनापासून वाटतं. नवख्यांना सर्वात मोठी मदत त्याचीच होईल.

घरातली तयारीही ताकदीच्या हिशेबातच धरावी. पायातून 165 वॅट निघतात तेव्हा शरीर उष्णतेच्या रूपाने 500 ते 650 वॅट बाहेर टाकत असतं. जुलैच्या दमट हवेत, बंद खोलीत ही उष्णता जाणार कुठे? नाडी चढत जाते आणि तेच वॅट जड वाटायला लागतात. दोन उभे पंखे, एक छातीवर आणि एक पाठीवर, हा माझ्या मते ट्रेनरनंतरचा सर्वात महत्त्वाचा खर्च. खाली जाड रबरी मॅट हवीच, पहाटे साडेपाचला खालच्या मजल्यावरच्या काकूंची झोप मोडता कामा नये. राउटर इन्व्हर्टरवर ठेवा; नेट गेलं की आजूबाजूचे सगळे स्वार दिसेनासे होतात. अर्ध्या-पाऊण तासाच्या शर्यतीत मध्ये खायची गरज नसते, आधी एक केळं आणि बाटलीत मीठ घातलेलं लिंबू सरबत पुरतं. आल्प दु झ्विफ्टसारखा 12.2 किलोमीटरचा, 1,036 मीटर चढाईचा घाट निवडलात तर गोष्ट वेगळी. तिथे साठ्याला हातही न लावता एफटीपीच्या जरा खाली स्थिर राहायचं आणि सोबत खाऊ ठेवायचा.

मायवूश हे झ्विफ्टसारखंच अ‍ॅप फुकट आहे आणि 2024 ची ई-सायकलिंगची जागतिक स्पर्धा त्यावरच झाली. पैशांचा प्रश्न असेल तर खुशाल तिथून सुरुवात करा, गणित तेच लागू पडतं. मी झ्विफ्ट घेते ते पहाटेच्या भरगच्च घोळक्यासाठी आणि रिचमंडसाठी. सदस्यत्व महिन्याच्या बोलीवर असतं, त्यामुळे जूनमध्ये सुरू करायचं आणि रस्ते वाळले की ऑक्टोबरात बंद करायचं, वर्षभराचे पैसे भरायची गरज नाही.