घरकामाचा तक्ता: वारांचा की पाण्याचा?

वारांचा तक्ता सगळ्यात सोपा. सोमवारी पंखे-जाळ्या, बुधवारी फ्रिज, रविवारी धुणं, आणि प्रत्येक कामापुढे एक नाव. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारल्या की झालं. शाळकरी पोरांनाही तो कळतो आणि "आज माझी पाळी नाहीच" ही पळवाट बंद होते.

पण सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, उजनी धरण कितीही भरलेलं असो. चादरी रविवारी धुवायच्या आणि पाणी मंगळवारी, म्हटल्यावर तक्ता नुसता भिंतीची शोभा. आपली सोलापुरी चादर भिजली की पिळायला दोघं लागतात. ती काही बादलीभर पाण्यात उरकत नाही.

म्हणून दुसरा प्रकार. रकान्यांवर वार लिहायचेच नाहीत. 'पाणी आलं', 'दुसरा दिवस', 'तिसरा दिवस', असं. पहिल्यात हौद-पिंप भरणं, चादरी, मोरी, फरशी. मधल्यात केर, कपाटं, खलबत्त्यात शेंगाचटणी. शेवटच्यात रिकामं पिंप आतून घासणं. हे काम कुणालाच नको असतं, पण डेंग्यूच्या डासाची अंडी पिंपाच्या कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. आठवड्यातून एकदा तरी घासायलाच हवं.

खोट एकच: कुणाची पाळी कधी, ते आधी सांगता येत नाही. दोघंही नोकरीला असतील तर ओढाताण होते. बोअर असलेल्या अपार्टमेंटवाल्यांनी खुशाल वार लिहावेत. नळावर भिस्त असेल तर मात्र मी पाण्याचाच तक्ता लावायला सांगेन, अन् तोही पेन्सिलीने.