सात वर्षांनी पुन्हा ट्रॅकवर: स्किन स्कीचा एका मोसमाचा अनुभव

नोव्हेंबरमध्ये घेतलेली क्लासिक स्किन स्की (बर्फात पाडलेल्या समांतर खाचांच्या ट्रॅकमधून चालण्याच्या ‘क्लासिक’ शैलीची, पकडीसाठी तळाला केसाळ पट्टी असलेली स्की) मार्चअखेर पुसून ठेवून दिली. मधल्या पाच महिन्यांत तिच्यावर सहाशेच्या आसपास किलोमीटर झाले आणि तीन शर्यती झाल्या, दोन ३० किलोमीटरच्या आणि एक ५० ची. त्याआधी सात वर्षं मी क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे बर्फावरून लांब पल्ल्याच्या स्कीइंगच्या, कुठल्याही शर्यतीत नाव दिलं नव्हतं. म्हणून स्कीबद्दल लिहिताना परत येण्याबद्दलही लिहिणं भाग आहे.

पहिला धक्का बुटांनी दिला. माझे जुने बूट एसएनएस पद्धतीचे, तळाला मधोमध एकच रुंद खाच असलेले. आता दुकानात दिसणाऱ्या बहुतेक बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवायच्या पकडी, एनएनएन किंवा तिच्याशी जुळणाऱ्या, दोन समांतर खाचांच्या. बूट जुने ठेवून फक्त स्की नवी घेऊ, हा बेत तिथेच बारगळला. बरीच वर्षं बाहेर राहिलेल्यांनी खर्चाचा अंदाज बांधताना बूट आधी धरावेत.

स्किन स्कीच का घेतली? शर्यतीच्या आदल्या रात्रीसाठी. लांब पल्ल्याची क्लासिक शर्यत पकडीच्या वॅक्सवर, म्हणजे चढावर स्की मागे घसरू नये म्हणून तळाला लावायच्या मेणावर, केलेल्यांना ती रात्र ठाऊक आहे. ताज्या बर्फाला डबीतलं घट्ट वॅक्स, विरघळून पुन्हा गोठलेल्या दाणेदार बर्फाला चिकट क्लिस्टर, आणि पहाटे उणे दहा असलेलं तापमान दुपारी शून्यावर गेलं तर काय, याची घालमेल. मी पूर्वी दोनदा वासालोपेत धावले आहे. स्वीडनमध्ये सेलेनपासून मोरापर्यंत ९० किलोमीटर, मार्चच्या पहिल्या रविवारी, १९२२ पासून चालत आलेली शर्यत. दोन्ही वेळा रात्री अडीचपर्यंत जागी होते आणि दुसऱ्या वेळी वॅक्स चुकलं ते चुकलंच. सुरुवातीच्या मोठ्या चढावर गर्दीत पाय मागे घसरत होते आणि पुढचे कित्येक तास केवळ हातांच्या जोरावर काढावे लागले. त्यानंतर जे सुटलं ते सात वर्षं.

या काळात आणखी एक गोष्ट बदलली. तेव्हा घसरणीसाठी, म्हणजे स्की वेगाने सरकावी म्हणून, सर्रास वापरलं जाणारं फ्लोरिनयुक्त वॅक्स एफआयएसने (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने) २०२३-२४ च्या मोसमापासून आपल्या स्पर्धांमधून पूर्णपणे बंद केलं. ही रसायनं निसर्गात विघटन न होता वर्षानुवर्षं टिकतात, वितळलेल्या बर्फाबरोबर माती-पाण्यात जातात आणि शरीरातही साठतात. माझ्या पेटीत त्या पावडरीच्या दोन डब्या उरल्या होत्या, त्या घातक कचऱ्यात जमा केल्या. हा बदल मला मनापासून पटतो. बंद खोलीत ती पावडर गरम इस्त्रीखाली वितळवताना आम्ही काय श्वासात घेत होतो, याचा विचार तेव्हा कुणी करत नसे.

आता मुद्द्याची गोष्ट. स्किन म्हणजे पायाखालच्या भागात तळाला बसवलेली मोहेरची, म्हणजे अंगोरा बकरीच्या केसांची पट्टी. काही पट्ट्यांत नायलॉनही मिसळलेलं असतं. केस मागच्या बाजूला झुकलेले. पुढे जाताना ते निजतात, मागे रेटा दिला की बर्फात रुततात. पट्टीवरून टोकाकडून शेपटीकडे हात फिरवला तर मऊ लागते, उलट फिरवला तर बोटं अडतात. पण ही पट्टी बर्फाला टेकली तरच धरते, आणि ती कधी टेकावी हे स्कीच्या कमानीवर, म्हणजे मधोमध वर उचललेल्या बाकावर, ठरतं. दोन्ही पायांवर उभं असताना कमानीने पट्टी उचलून धरायला हवी, एका पायावर पूर्ण भार आला की ती दबायला हवी. दुकानात सपाट फरशीवर स्की ठेवून खाली कागद सरकवून पाहा. दोन पायांवर उभं असताना कागद मोकळा सरकला पाहिजे, एका पायावर अडकला पाहिजे.

मी हे पहिल्यांदा केलं नाही. वजनाच्या तक्त्यावरून जोडी दिली गेली आणि मी ती घेतली. पहिल्याच आठवड्यात सपाटीवर डबल पोलिंग (पायांनी रेटा न देता दोन्ही हातांतले पोल, म्हणजे काठ्या, एकदम रेटून पुढे जाणं) करताना पायाखालून सतत ‘सर्र’ असा आवाज यायचा, केस बर्फाला घासत राहायचे. वीस किलोमीटरमध्ये दंड भरून आले. कमान मऊ होती. जोडी बदलून कडक घेतली आणि आवाज गेला. पण त्याबरोबर चढावरची पकडही गेली!

दोन आठवडे मला वाटलं, ही जोडीही चुकली. मग एका संध्याकाळी रिकाम्या ट्रॅकवर पोल बाजूला ठेवून त्याच छोट्या चढावर पुन्हा पुन्हा चढले. रेटा देण्याआधी कंबर पूर्णपणे पुढच्या पायावर आली की स्की धरायची. जरा मागे राहिली की सुटायची. वॅक्स असतं तर मी वॅक्सला दोष दिला असता, आणि पूर्वी वर्षानुवर्षं तेच करत आले होते. माझा भार कधीच पूर्ण पलीकडे जात नव्हता, हे या स्कीने मला शिकवलं. या खरेदीतून पदरात पडलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच. तुमच्या बाइंडिंगला सरकण्याची सोय असेल तर सरावाच्या दिवसांत ती एक-दोन खुणा पुढे घ्या. पकड वाढते, आणि तंत्र सुधारलं की मागे नेता येते.

हवामानाचं थोडक्यात. बदलत्या तापमानात आणि जुन्या, दाबलेल्या ट्रॅकवर ही स्की निर्धास्त. कडक थंडीत नीट वॅक्स केलेली स्की तिच्यापेक्षा मोकळी पळते, हे मान्य करायला हवं. निव्वळ बर्फाळ, चकाकणाऱ्या चढावर क्लिस्टरची सर तिला नाही. खरी अडचण शून्याच्या आसपास, ताजा बर्फ पडत असताना. दुसऱ्या ३० किलोमीटरच्या शर्यतीत ओल्या भागातून कोरड्या सावलीत शिरले आणि पट्टीखाली बर्फाचा गोळा धरला. स्की सरकेचना, उंच टाचांवर उभं राहिल्यासारखं झालं. थांबून पोलच्या टोकाने खरवडावं लागलं, तीनदा. तेव्हापासून अशा दिवशी निघण्यापूर्वी बर्फरोधक द्रव लावून तो पूर्ण वाळू देते. पुन्हा तसं झालं नाही.

देखभाल कमी आहे, पण शून्य नाही. पुढच्या-मागच्या भागाला घसरणीचं वॅक्स लावावंच लागतं, आणि तेव्हा पट्टी चिकटपट्टीने झाकून घ्या. वॅक्स किंवा इस्त्रीचा चटका पट्टीला लागता कामा नये. इतरांच्या स्कीवरून ट्रॅकमध्ये उतरलेलं क्लिस्टर केसांत अडकतं, ते स्किनसाठीच्या क्लीनरने, केसांच्या दिशेनेच पुसायचं. चारशे किलोमीटरच्या सुमारास डाव्या पट्टीची पुढची कड सुटली. पुन्हा चिकटवून मिळाली, पण शर्यतीच्या आठवड्यात हे झालं असतं तर पंचाईत होती. दर आठवड्याला ती कड नखाने तपासा.

पन्नास किलोमीटरची शर्यत फेब्रुवारीच्या शेवटी झाली. सुरुवातीला उणे सहा, दुपारी शून्याच्या वर. आघाडीचे स्पर्धक पकडीचं वॅक्स न लावता अख्खी शर्यत डबल पोलिंगने काढतात. हे तंत्र इतकं पसरलं की एफआयएसने २०१६ पासून क्लासिकच्या पोलची लांबी उंचीच्या ८३ टक्क्यांवर मर्यादित केली. माझ्या दंडांत सात वर्षांनी ते बळ नाही, त्यामुळे मला चढावर पाय हवेतच. अडतिसाव्या किलोमीटरवरच्या लांब चढाला माझ्या दोन्ही बाजूंना लोक वॅक्स घसरल्यामुळे ट्रॅक सोडून स्की फाकवून चढत होते. मी ट्रॅकमध्येच होते, डावा, उजवा, डावा, आणि प्रत्येक पाऊल धरत होतं. वेळ जुन्या वेळेपेक्षा सदतीस मिनिटांनी जास्त आली. आदल्या रात्री साडेनऊला झोपले होते.

आता तळाला उन्हाळ्यासाठी वॅक्सचा जाड थर देऊन स्की ठेवली आहे, पट्टीवर स्वच्छ आवरण आहे. पट्टीचे केस चवड्याखाली जरा विरळ झालेत, पुढच्या मोसमाच्या मध्यावर पट्ट्या बदलाव्या लागतील असं दिसतंय. मे महिन्यापासून रस्त्यावर चाकांच्या रोलर स्कीवर आठवड्याला दोन दिवस फक्त डबल पोलिंग करणार आहे. आणि वासालोपेतला नाव नोंदवलंय. जुनी वेळ आता धरली जात नाही, त्यामुळे सर्वांत मागच्या गटातून सुरुवात. त्या पहिल्या चढावर खूप वेळ उभं राहावं लागेल, माहीत आहे.